पदक मिळण्याआधी रिबन लावताय? या चुका टाळा

२६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या तोंडावर पुरस्कारांची यादी जाहीर होते आणि युनिटमध्ये पेढे वाटले जातात. प्रत्यक्ष पदक मात्र लगेच हातात येत नाही. बहुतेक चक्रांसाठी (कीर्ती चक्र, शौर्य चक्र यांसारखे शौर्य पुरस्कार) आणि वरिष्ठ सेवा पदकांसाठी राष्ट्रपती भवनातल्या अलंकरण समारंभाची वाट पाहावी लागते. सेना मेडल बहुतेकांना आपापल्या कमांडच्या समारंभात आर्मी कमांडरच्या हस्ते मिळतं. काहींना ते १५ जानेवारीच्या सेना दिन संचलनात मिळतं; २०२५ मध्ये हे संचलन पुण्यात, बॉम्बे इंजिनीअर ग्रुपच्या मैदानावर झालं. घोषणा आणि समारंभ यांच्यामधल्या या काही महिन्यांत गणवेशावर नेमकं काय लावायचं, याच्या चुका सर्वांत जास्त होतात.

प्रघात असा आहे की अधिकृत घोषणा झाली की रिबन, म्हणजे पदकाऐवजी गणवेशावर लावायची रंगीत कापडी पट्टी, लावता येते, पण पदक समारंभात छातीवर लावलं जाईपर्यंत थांबायचं. खालच्या काही चुका या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

शिफारस म्हणजे पुरस्कार नव्हे

‘नाव वर गेलंय’, ‘ब्रिगेडमधून पास झालंय’ एवढ्या बळावर रिबन शिवून घेणारे आजही आहेत. शिफारस अनेक पायऱ्यांवर तपासली जाते. कुठे ती खालच्या दर्जाच्या पुरस्कारावर येते, तर कुठे नुसत्या प्रशंसापत्रावर थांबते. मोबाइलवर फिरणारी यादीही पुरावा म्हणून धरू नका. मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकाच नावाचे शिंदे, पाटील आणि जाधव किती असतात हे सांगायला नको. नाव, हुद्दा, युनिट आणि मुख्य म्हणजे सर्व्हिस नंबर, हे चारही जुळले पाहिजेत. नंबर जुळत नसेल तर युनिटच्या कार्यालयाकडून लेखी खात्री होईपर्यंत जुनीच रिबनपट्टी (सगळ्या रिबनांची ओळ) राहू द्या. त्याच वेळी पुरस्काराची पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा आदेश) निघाली का, हेही विचारून ठेवा. ही नोंद राहून गेली तर पुढे निवृत्तीच्या कागदपत्रांत निस्तरणं जड जातं.

घोषणा पक्की झाली तरी रिबन स्वतःच लावून सकाळी फॉलइनला (हजेरीच्या रांगेत) उभं राहण्याची घाई करू नये. अनेक युनिटांत कमांडिंग ऑफिसर दरबारात (जवानांसोबतच्या बैठकीत) किंवा परेडवर पहिली रिबन स्वतः लावतात. त्यासाठी दोन दिवस थांबलात तर त्या कौतुकात सगळी पलटण सामील होते. आमच्या मते हे थांबणं नियमाइतकंच मोलाचं आहे.

बाजारातलं पदक लावून परेडला जाणं

ही सर्वांत गंभीर चूक. छावणीच्या दुकानांत प्रतिकृती सहज मिळते, पुढच्या परेडला पूर्ण पदकांचा आदेश असतो आणि मोह होतो. पण जे पदक समारंभात दिलं जायचं आहे ते आधीच छातीवर लटकवणं म्हणजे देणाऱ्याचा आणि त्या पदकाचाही मान घालवणं. अशा परेडला आधी मिळालेली पदकं लावा आणि नव्यासाठी मोकळी जागा ठेवू नका. मेसच्या रात्रीच्या गणवेशावरचं छोटं पदक हेही पदकच असतं, त्यामुळे तेही समारंभानंतरच.

समारंभाच्या दिवशी कोणती पदकं लावून यायचं आणि नवं पदक अडकवण्याची सोय छातीवर नेमकी कुठे करायची, हे रंगीत तालमीत सांगितलं जातं. ते तिथेच विचारून पक्कं करा. ऐन वेळी ज्येष्ठ सहकाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नका.

नवी रिबन शेवटी जोडणं

जवानाच्या पट्टीवर समजा सैन्य सेवा, हाय अल्टिट्यूड आणि नऊ वर्षे दीर्घ सेवेच्या रिबन आहेत. त्याला सेना मेडल मिळालं, तर शिंपी नवी रिबन सरळ शेवटी जोडून देतो, कारण बाकीची पट्टी उसवावी लागत नाही. हे चूक आहे. सेना मेडल या तिन्हींच्या वरचं, म्हणून ते पहिलं. पहिलं म्हणजे छातीच्या मध्याजवळचं, बघणाऱ्याच्या डाव्या हाताचं टोक. विशिष्ट सेवा पदकही जवळ असेल तर क्रम असा: आधी सेना मेडल, मग विशिष्ट सेवा पदक, त्यानंतर मोहिमेची आणि सेवेची पदकं. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं पदक भारतीय पदकांच्या मागे. थोडक्यात, पट्टी नव्याने बांधून घ्यावीच लागते.

दिशा आणि रेषा

महावीर चक्राची रिबन अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी. दोन्हींत केशरी भाग परिधान करणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडे असतो. इथे आरसा फसवतो. फोटोत केशरी बाजू उजवीकडे दिसते, आरशात तीच आपल्या डाव्या हाताला दिसते. मग फोटोशी जुळवायच्या नादात बरोबर लावलेली रिबन उलटी केली जाते. उपाय सोपा आहे. पट्टी टेबलावर रंगीत बाजू वर करून, वरची कडा आपल्यापासून लांब राहील अशी ठेवा. सर्वांत मानाची रिबन डावीकडे आणि केशरी भाग त्या रिबनच्या उजव्या बाजूला दिसला की पट्टी बरोबर.

रेषांचा घोळ याहून सोपा, पण हमखास होणारा. जास्त रेषा म्हणजे मोठा पुरस्कार, असं वाटतं, असतं उलट. अशोक चक्राच्या हिरव्या रिबनवर एक केशरी रेषा, कीर्ती चक्रावर दोन, शौर्य चक्रावर तीन. परम, अति आणि साध्या विशिष्ट सेवा पदकांच्या सोनेरी रिबनवर गडद निळ्या रेषाही याच क्रमाने एक, दोन, तीन. दुकानदाराने कोणती रिबन दिली ते रेषा मोजूनच घ्या, आणि रुंदी ३२ मिलिमीटर आहे का तेही पाहा. अरुंद रिबन शेजारच्या रिबनांत लगेच उठून दिसते.

तेच शौर्यपदक दुसऱ्यांदा मिळालं तर दुसरी रिबन लावायची नसते. तो बार (त्याच पदकाच्या फितीवर जोडायची धातूची पट्टी) असतो, आणि नुसती रिबन लावताना त्यावर छोटं चिन्ह येतं. परमवीर चक्रासाठी ते इंद्राच्या वज्राचं. मेन्शन इन डिस्पॅचेसला (अधिकृत अहवालात कामगिरीचा गौरवपूर्ण उल्लेख) तर स्वतंत्र रिबनच नाही. त्याचं कमळाच्या पानाचं चिन्ह संबंधित मोहिमेच्या पदकाच्या रिबनवर लावतात.

समारंभ नसलेली पदकं

सियाचीन ग्लेशियर, हाय अल्टिट्यूड, विदेश सेवा यांसारख्या पदकांसाठी अलंकरण सोहळ्याची वाट पाहत बसणं ही उलट्या बाजूची चूक. ठरलेल्या सेवेची अट पूर्ण झाली आणि तशी नोंद झाली, की रिबनचा हक्क मिळतो. धातूचं पदक मागाहून येत राहतं.

मरणोत्तर पुरस्कारात पदक निकटच्या नातेवाइकाच्या हाती दिलं जातं. वीरपत्नी, आई किंवा वडील ते कार्यक्रमात लावतात तेव्हा उजव्या छातीवर लावण्याची प्रथा आहे, कारण डावी बाजू ज्याने ते मिळवलं त्याची. घरच्यांना हे आधी नीट समजावून सांगणं युनिटच्या प्रतिनिधीचं काम आहे. ऐन कार्यक्रमात कुणी हात लावून पदक हलवण्याची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये.

आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट: उन्हाळी शर्ट, हिवाळी अंगरखा आणि ट्रंकेतला जादा गणवेश, सगळ्यांवरच्या पट्ट्या एकाच दिवशी बदलून घ्या.