पाण्याची धार कुठे तुटते: पाहण्याची आणि मोजण्याची पद्धत

बारीक धार थेंबांत तुटते ती मुख्यतः पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाच्या आकसण्याच्या ओढीमुळे. धारेच्या परिघापेक्षा लांब तरंग उठला की पृष्ठभागाचे क्षेत्रफळ घटते, आणि म्हणून तो तरंग वाढतच जातो. कमी श्यानतेच्या (घट्टपणाच्या) द्रवात सर्वांत वेगाने वाढणारा तरंग व्यासाच्या सुमारे ४.५ पट लांब असतो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये गणिताने दाखवले.

भांड्याच्या तळाला पातळ पत्रा बसवून त्यात सव्वा मिलिमीटरचे, तीक्ष्ण कडेचे स्वच्छ छिद्र पाडावे आणि पाण्याची पातळी छिद्रापासून २० सेंटिमीटर उंचीवर स्थिर ठेवावी. धारेचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर येतो. छिद्राबाहेर येताच धार आकुंचन पावून जवळपास १ मिलिमीटर होते. त्यामुळे हिशेबात छिद्राचा नव्हे, धारेचा व्यास घ्यावा. मिनिटाभरात सुमारे ९४ मिलिलिटर पाणी जमले, तर वेग आणि व्यास हे दोन्ही आकडे जुळले असे समजावे.

मग भांड्याला लहान स्पीकर टेकवून ४४४ हर्ट्झचा शुद्ध स्वर द्यावा; २ मीटर वेगाला ४.५ मिलिमीटर तरंगलांबीने भागल्यावर हा आकडा येतो. एरवी वेडीवाकडी तुटणारी धार आता नियमित तुटते आणि थेंबांचा व्यास धारेच्या जवळपास १.९ पट भरतो. मोठ्या थेंबांच्या मधले बारीक उपथेंब या हिशेबात धरू नयेत. छायाचित्रासाठी मागून प्रखर प्रकाश आणि कॅमेऱ्याची १/४००० सेकंद किंवा त्याहून कमी उघडीप (एक्स्पोजर) हवी, कारण तेवढ्यातही थेंब अर्धा मिलिमीटर सरकतो. स्वर ६३७ हर्ट्झच्या वर नेल्यास तरंगलांबी परिघापेक्षा कमी होते आणि धार त्याला दाद देत नाही.

तुटण्यापूर्वीची लांबी हा एकटा आकडा फसवा आहे, कारण ती सुरुवातीच्या कंपनावर अवलंबून असते. तिच्यातला फरक मात्र विश्वासार्ह ठरतो. या धारेत तरंगाची उंची दर ८ मिलिमीटरला सुमारे २.७ पट होत असल्याने, स्पीकरचा विद्युतदाब दहापट केल्यास लांबी साधारण १८ मिलिमीटरने कमी व्हायला हवी. तशी झाली, तर वाढीचा वेग प्रत्यक्ष मोजला गेला.

पृष्ठताण बदलण्यासाठी साबण घालण्याचा मोह होतो, पण ताज्या पृष्ठभागावर पोहोचायला साबणाच्या रेणूंना वेळ लागतो, त्यामुळे परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसू शकतो. ग्लिसरीन मिसळणे अधिक बरे: श्यानता वाढली की वाढीचा वेग घटतो आणि अनुकूल तरंग लांबतो, म्हणून स्वर खाली आणावा लागतो.