दानपेटीपलीकडचे देणे

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चच्या दानपेटीत टाकला म्हणजे आपले देणे संपले, असे ख्रिस्ती कुटुंबाने मानू नये. द्राक्षमळ्यातील सगळी फळे न खुडता काही गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत, अशी आज्ञा बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे. तासगाव-मिरज भागात ज्यांची स्वतःची बाग आहे, त्यांना ती शब्दशः पाळता येते. व्यापाऱ्याशी सौदा ठरवतानाच एखादी ओळ राखून ठेवल्याचे स्पष्ट सांगावे, कारण त्याने नाकारलेले, तडकलेले घड वाटणे हे माझ्या मते दान नव्हे. शेवटच्या फवारणीनंतर ठरलेले दिवस उलटल्याखेरीज मात्र राखलेली द्राक्षे वाटू नयेत.

मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरजेत उपचारांसाठी दूरवरून, कर्नाटकातूनही माणसे येतात. रुग्णाला जेवण मिळते, पण उशाशी बसलेल्या नातेवाइकाचे हाल होतात. म्हणून चार-पाच घरांनी एकेक वार वाटून घेऊन भाकरी, पिठले आणि शक्य असल्यास कन्नड बोलणारा सोबती पाठवावा.

नाताळ ऐन गाळप हंगामात येतो. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जुने कपडे नेण्याऐवजी मुलांची मापे आधी विचारून नवे स्वेटर न्यावेत. त्याबदल्यात कोणी प्रार्थनेला यावे अशी अपेक्षा ठेवू नये, आणि दान गुप्तपणे करावे असे सांगणाऱ्या बायबलमधील मत्तयच्या 6व्या अध्यायाला स्मरून मोबाइलवर फोटोही काढू नयेत.