स्वस्तातल्या सोल रेकॉर्डवर वाजवतंय कोण? शोध कसा घ्यावा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या घराजवळ जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. तिथे अगदी मागच्या भिंतीशी रेकॉर्डचे खोके असतात, डॉलरला एक. त्यात दर खेपेला सोलची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या लोकप्रिय संगीताची, एकाच जातीची एलपी हाताला लागते. कव्हरवर आफ्रो केसांची मॉडेल, वर गाजलेल्या गाण्याचं नाव ठळक अक्षरांत, आणि तळाशी मुंगीएवढ्या टायपात कुठल्यातरी बँडचं नाव. हा बँड त्याआधी कुणी ऐकलेला नसतो आणि नंतरही ऐकू येत नाही. रफीची गाणी म्हणून आणलेल्या कॅसेटमधून भलताच आवाज आला, हा अनुभव ऐंशीच्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी घेतलाय. हा त्याचाच अमेरिकी थोरला भाऊ.

हे फुकटचं म्हणून सोडून देऊ नका. १९७१ साली सोल गायक-संगीतकार आयझॅक हेजचं ‘शाफ्ट’ या सिनेमाचं संगीत गाजलं, तेव्हा पिकविक या स्वस्तातल्या कंपनीने ‘सोल मॅन अँड द ब्रदर्स’ या नावाने त्याची नक्कल काढली. त्यातल्या ‘बंपीज लॅमेंट’चा तुकडा १९९९ मध्ये रॅपर डॉ. ड्रेने आपल्या ‘एक्सप्लोसिव्ह’ या गाण्यात वापरला. सगळ्या जगाने ऐकला तो नकलेचा तुकडा.

शोधाला बसण्याआधी या धंद्याचं गणित समजून घ्या, कारण सगळे धागे त्यातूनच निघतात. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्यानुसार एखादं गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की दुसऱ्या कुणालाही ते नव्याने रेकॉर्ड करता यायचं. परवानगीची गरज नाही. दर प्रतीमागे दर गाण्याला २ सेंट प्रकाशकाला दिले की झालं. हा दर १९७७ संपेपर्यंत तसाच होता. एलपीच एक-दोन डॉलरला विकायची म्हटल्यावर दहा गाण्यांचे २० सेंटही जड. म्हणून तीन-चार गाणी गाजलेली घ्यायची आणि बाकीची घरच्या घरी लिहून घ्यायची. त्यांचा प्रकाशकही आपलाच, म्हणजे ते २ सेंट या खिशातून त्या खिशात. या भरतीच्या गाण्यांकडे खरेदीदार ढुंकून पाहत नसत. आपण मात्र तिथेच मुक्काम ठोकायचा आहे.

१. आधी काळ ठरवा

कव्हर बाजूला ठेवा, लेबल आणि पत्ता बघा. पत्त्यात झिप कोड असेल तर रेकॉर्ड १९६३च्या जुलैनंतरची. वर्तुळातला पी छापलेला असेल तर बहुधा १९७२ किंवा नंतरची, कारण अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. पिकविकचा पत्ता लाँग आयलंड सिटीचा असेल तर साठचं दशक धरा; वुडबरी असेल तर सत्तरचं. स्प्रिंगबोर्ड कंपनीच्या कव्हरवर राहवे, न्यू जर्सी असं असतं. हे गाव आमच्यापासून वीस मिनिटांवर, त्यामुळे आमच्या खोक्यांत तिचा माल भरपूर. कव्हरं पुन्हा पुन्हा छापली जात, तेव्हा एकट्या कव्हरच्या भरवशावर साल लिहू नका.

२. लेबलाभोवतीचा कोरा पट्टा वाचा

गाणी संपतात आणि लेबल सुरू होतं, त्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे असतात. फोनचा टॉर्च तिरका, जवळजवळ रेकॉर्डला टेकवून धरा. वरून उजेड मारलात तर फक्त चकाकी दिसेल. आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या, खाडाखोडीसकट. कव्हरवरचा क्रमांक एक आणि कोरलेला दुसराच, किंवा जुना आकडा खोडून शेजारी नवा, असं दिसलं तर खुशाल चहा टाका. हेच मुद्रण आधी दुसऱ्या नावाने विकलं गेलं असण्याची ती खूण आहे.

३. भरतीच्या गाण्यांचे गीतकार-संगीतकार शोधा

लेबलावर गाण्याखाली कंसात आडनावं असतात. जोबेटे हा प्रकाशक दिसला तर गाणं मोटाउनचं, ईस्ट/मेम्फिस दिसला तर स्टॅक्सचं. या दोन्ही सोलच्या नावाजलेल्या कंपन्या, म्हणजे ती गाणी बाहेरची; बाजूला काढा. उरलेल्यांची यादी करा. बीएमआय आणि एएससीएपी या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थांच्या शोधपानांवर गाण्याचं नाव घातलं की पूर्ण नावं मिळतात. तिथे अडलात तर अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या जुन्या सूच्या उघडा. १९७७ पर्यंतचे खंड स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत. त्यांत गाण्याची नोंदणी तारखेसह सापडते, आणि टोपणनाव वापरलं असेल तर अनेकदा खरं नावही शेजारीच छापलेलं असतं. अशा रेकॉर्डवर भरतीचं गाणं बहुतेकदा अरेंजर (वाद्यमेळ बसवणारा), पियानोवाला किंवा निर्माता यांच्यापैकीच कुणीतरी लिहिलेलं असतं. माणूस पहिल्यांदा सापडतो तो इथे.

४. मग कान लावा, पण योग्य गाण्याला

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. एका अनामिक एलपीवर मोटाउनचं एक गाणं ऐकलं आणि बेस ऐकून उडालोच: हा तर मोटाउनचा बेसवाला जेम्स जेमरसन! मोटाउनच्या वादकांची नावं १९७१ पर्यंत मोटाउनच्याच कव्हरवर नसायची, तेव्हा त्याने असं चोरून वाजवलंही असेल, अशी कथा मी मनात रचून टाकली. चार जणांना सांगूनही झालं. नंतर लक्षात आलं की नक्कल करायला बसलेला कुठलाही बरा बेसवाला जेमरसनच वाजवणार; त्याला पैसे त्याचेच मिळत होते. गाजलेल्या गाण्यात वादक स्वतःला लपवतो. त्याच रेकॉर्डवरच्या भरतीच्या गाण्यात त्याच्यासमोर नमुना नसतो, तिथे त्याची स्वतःची बोटं ऐकू येतात. माझ्या ‘जेमरसन’ने तिथे पिक (तार छेडायची चकती) लावून ठणठणीत वाजवलं होतं. जेमरसन तर एका बोटाने वाजवायचा!

म्हणून भरतीची गाणी हेडफोनवर ऐका, डावा-उजवा चॅनल वेगवेगळा करून. ऑर्गन, स्नेअर ड्रमचा आवाज, खोलीचा घुमारा टिपून ठेवा आणि त्याच कंपनीच्या इतर एलपींशी ताडून बघा. मुद्रण पुन्हा विकणं ही या कंपन्यांची नेहमीची सवय. अलशायर कंपनीने गिटारवादक जेरी कोलकडून ‘द अॅनिमेटेड एग’ नावाने रेकॉर्ड करून घेतली. पुढे त्याच मुद्रणांवर व्हायोलिनं चढवून ती ‘१०१ स्ट्रिंग्ज’ या वाद्यवृंदाच्या नावाने विकली. वेगळं शीर्षक, वेगळा बँड, खालची गिटार तीच.

५. नाव लिहिण्याआधी कागद

मोठ्या नावांच्या अफवा इथे फार लवकर फुटतात, कारण काही खऱ्या आहेत. पुढे रॉक गायक म्हणून गाजलेला लू रीड १९६४-६५ मध्ये पिकविकमध्ये पगारावर गाणी पाडत होता. १९६६ मध्ये नेवर्कच्या टिफ्टन कंपनीने मुलांसाठी काढलेल्या बॅटमनच्या एलपीवर जॅझवाल्या सन राच्या वाद्यवृंदातले लोक वाजवताहेत. पण म्हणून प्रत्येक झकास ऑर्गन सन राचा होत नाही. वादक संघटनेचा त्या ध्वनिमुद्रणाचा करार, म्हणजे वादकांची नावं असलेला कागद, मिळाला तर उत्तम: न्यूयॉर्कची शाखा ८०२, लॉस एंजेलिसची ४७, नॅशव्हिलची २५७. स्वस्तातली कामं अनेकदा संघटनेला वळसा घालून होत, तेव्हा कागद नसलाच तर नवल मानू नका.

मग उरतात माणसं. आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या गोवेकर वादकांची बरीच माहिती अशीच म्हाताऱ्या वादकांशी बोलून जमा झाली. वादक आता ऐंशीच्या पुढे असणार, तेव्हा वेळ विचारून फोन करा, आणि “हे तुम्हीच ना?” असं कधीही विचारू नका, सभ्य माणूस हो म्हणतो. भरतीचं गाणं ऐकवा, रेकॉर्डचं नाव न सांगता, आणि गप्प बसा.

माझ्या त्या एलपीच्या आतल्या पाकिटावर पेन्सिलीने सध्या एकच नाव आहे, अरेंजरचं, कॉपीराइटच्या सूचीतून मिळालेलं. बेससमोर आधी लिहिलेलं जेमरसन खोडलंय. तिथे आता ‘पिकवाला’ एवढंच आहे.