ठासणीच्या बंदुकीची नोंद घेताना

मराठवाड्यात हाताने घडवलेल्या ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या, बंदुकांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावे की, या बंदुकांवर घडवणाऱ्याचे नाव बहुधा नसते. अमेरिकेतील पेन्सिल्वेनियात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तयार झालेल्या लांब रायफलींच्या नळीवर कारागिराची सही पुष्कळदा सापडते आणि तिच्या आधारे त्याचे गाव शोधता येते. आपल्याकडे मात्र लोहाराने किंवा शिकलगाराने नळी घडवली, दुसऱ्याच कोणी दस्ता बसवला आणि दोघांचीही नावे केवळ घरच्या आठवणीत उरली.

बंदूक हातात घेण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्यावी, कारण भिंतीवर टांगलेल्या नळीत दोन पिढ्यांपूर्वीची दारू अजून ठासलेली असू शकते. गज, म्हणजे दारू ठासण्याची सळई, नळीत किती जातो ते पाहायचे आणि तीच लांबी बाहेरून कानापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाजवळच्या बत्तीच्या छिद्रापर्यंत, धरायची; आतली लांबी कमी भरली तर पुढे काहीही करू नये.

मुलाखत परवान्यापासून सुरू करणे मला सर्वांत सोयीचे वाटते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे अनेक शेतकरी घरांत परवान्याचे पुस्तक हाच बंदुकीचा एकमेव लेखी इतिहास असतो. ती आधी कोणाच्या नावावर होती, वारस कोण झाला, निवडणुकीच्या काळात ती ठाण्यात कधी जमा केली, हे त्यात आणि सोबतच्या पावत्यांत सापडते. परवाना नसलेली बंदूक कोणी दाखवू लागल्यास नोंद तेथेच थांबवावी आणि त्याला वकिलाचा सल्ला घ्यायला सांगावे.

त्याआधीचे, निजामाच्या राज्यातले कागद बहुधा उर्दूत आणि फसली या महसुली सनात असतात. सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ चे, रझाकारांच्या धामधुमीचे वर्ष. सर्वांत दाट आठवणी याच वर्षाच्या आहेत. गढीवर बंदूक कोण घेऊन बसत असे, ती कडब्याच्या गंजीत कोणी लपवली, पोलीस ॲक्शननंतर तिचे काय झाले, हे सांगताना वृद्ध माणसे तासन्तास थांबत नाहीत. मात्र पाटलाच्या घरी बंदूक कोणी चालवली ते ऐकायला मिळते आणि लोहाराच्या घरी ती कोणी घडवली व त्याबदली किती ज्वारी मिळाली ते. म्हणून दोन्ही घरी जावे, आणि निजामाच्या चाकरीतल्या अरब-रोहिल्यांच्या वंशजांकडेही जावे, नाहीतर नोंद एकाच ओसरीची होते.

घरचे सांगतील ते वय आणि वस्तू सांगते ते वय वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. बंदूक पानिपतच्या वेळची असल्याचे अभिमानाने सांगितले जाते, पण घोडा टोपी (आघाताने पेटणारी छोटी धातूची टिकली) फोडणारा असेल तर ती यंत्रणा १८२० च्या आसपासची किंवा नंतरची ठरते. पानिपत तर १७६१ चे. तरीही घरच्यांना खोटे ठरवण्याची घाई नको, कारण तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या, बंदुकांना पुढे टोपीचा घोडा बसवला जात असे आणि नळी खरोखर जुनी असू शकते. घोड्याच्या यंत्रणेच्या पट्टीवर ‘टॉवर’ ही इंग्रजी सरकारी बंदुकांची खूण दिसली तर हिंगोली, जालना आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेच्या, छावण्या लक्षात घ्याव्यात.

लोहाराला नळी घडवण्याची रीत फक्त तोंडी विचारावी. परवान्याविना बंदूक घडवणे हा गुन्हा आहे आणि आपल्या अभ्यासापायी त्याला अडचणीत आणण्याचा अधिकार आपल्याला नाही. ध्वनिमुद्रणाची एक प्रत घरी द्यावी. पुढच्या भेटीत पहिल्या वेळी माजघरातच बसलेल्या आजीबाई बोलू लागतात, आणि पैशांची ओढाताण असतानाही बंदूक विकली का नाही, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.