नायकाचा नाश कोणामुळे झाला, हे कसे तपासावे

‘एकच प्याला’ नाटकातल्या वकील सुधाकराचा दारूपायी झालेला नाश समाजाने केला की त्याच्या स्वभावाने, हा प्रश्न निघाला की मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनगटात पहिल्या पाच मिनिटांतच दोन तट पडतात. अशी घाई करू नये. करवीर नगर वाचन मंदिरातून गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची प्रत आणावी, तिच्यावर पेन्सिलही न लावता एक वेगळी वही घ्यावी आणि नायकाला मागे फिरता आले असते अशी प्रत्येक जागा अंक-प्रवेशासह टिपावी. शेजारी तीन रकाने आखावेत: बाहेरून काय घडले, त्या घडीला नायकाला काय ठाऊक होते आणि दुसरी कोणती वाट मोकळी होती.

पहिली जागा सोपी आहे. न्यायालयातला अपमान बाहेरचा, पण तो गिळता न येणे आणि दारुड्या तळीरामाने पुढे केलेला दारूचा पेला हाती घेणे सुधाकराचे स्वतःचे. शिवाय तिसऱ्या रकान्यात घर आहे, पत्नी सिंधू आहे. बहुतेक जण इथेच थांबून स्वभावदोषाचा निकाल देतात. तसे न करता पुढे वाचावे. दारू सोडण्याचा निश्चय करून तो काम मागायला जातो आणि प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात, त्या जागी तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहतो. माझ्या मते नाटकातली सर्वांत जड जागा हीच आहे, आणि म्हणूनच ‘दोघेही निम्मे-निम्मे जबाबदार’ हे उत्तर मला पटत नाही. दोषाचा वाटा प्रवेशागणिक बदलतो.

स्वभावदोषाच्या बाजूने बोलताना ॲरिस्टॉटलच्या ‘हमार्तिया’चा, म्हणजे शोकांतिकेतल्या नायकाला भोवणाऱ्या चुकीचा, अर्थ दुर्गुण असा घेऊ नये, मूळ शब्दात नेम चुकण्याची छटा आहे.

सिंधूशी तुलना मात्र जपून करावी. तेच दारिद्र्य सोसत ती लोकांची दळणे दळते आणि मोडत नाही, हे सुधाकराविरुद्ध पुरावा म्हणून मांडण्याचा मोह होतो. पण पतीचा शब्द न मोडण्याची तिची शिकवण त्याच समाजाची आहे, आणि त्या शिकवणीमुळेच घरात त्याला अडवणारे कोणी उरत नाही.

उत्तराचे पहिले वाक्य सर्वांत शेवटी लिहावे. त्यात ‘समाज’ हा मोघम शब्द न वापरता, कोणत्या प्रवेशात कोणी दार लावून घेतले, ते लिहावे.