हंपबॅक व्हेल बघायचाय? आधी फवारा शोधा, उडीचं नंतर बघू

पहिल्यांदा जाणारे बहुतेक लोक व्हेलच्या उडीचीच वाट बघत बसतात आणि तासाभरात कंटाळून निघतात. उडी दिसली तर नशीब, पण फवारा मात्र दिसतोच, कारण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं.

आधी सीझन बघा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर जून-जुलैत हे अंटार्क्टिकाकडून उत्तरेला गरम पाण्यात जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पिल्लं घेऊन परत दक्षिणेला निघतात, हवाईत डिसेंबर ते एप्रिल. मला विचाराल तर परतीचा काळ जास्त छान, आया पिल्लांसोबत निवांत चाललेल्या असतात, ऑस्ट्रेलियातल्या हर्वी बे सारख्या शांत खाडीत तर मुक्कामच ठोकतात.

किनाऱ्यावरून बघायचं असेल तर समुद्रात घुसलेला एखादा उंच कडा निवडा, ऊन पाठीमागून येईल असं बसा, आणि वारा कमी असलेला दिवस धरा कारण लाटांना पांढरा फेस आला की फवारा त्यातच हरवून जातो. दुर्बीण सतत डोळ्याला लावू नका, नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाच्या अलीकडचा पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश बघत राहा, पांढरा झुपकेदार ढग उठून विरताना दिसला की मग दुर्बीण.

आता खरी गंमत, श्वास मोजा. साधारण तीन-चार फवारे थोड्या थोड्या वेळाने येतात, मग पाठीची मोठी कमान होते आणि शेपूट अख्खं वर येतं, म्हणजे तो खोल गेला, लगेच घड्याळ बघा, बऱ्याचदा पाच ते पंधरा मिनिटांनी वर येतो आणि तोही तिथेच नाही, ज्या दिशेने चालला होता तिकडे थोडा पुढे. शेपूट न दाखवता नुसता बुडाला तर नजर हलवू नका, लवकरच परत दिसेल. बोटीत असाल तर तो गेला तिथलं पाणी बघा, शेपटीच्या फटक्याने तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल चट्टा उमटतो आणि आजूबाजूला लाटा असल्या तरी थोडा वेळ तसाच राहतो. मला तर उडीइतकाच तो चट्टा आवडतो!

शेपटीच्या खालच्या बाजूचे काळेपांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, म्हणून फोटो काढायचाच तर तो काढा, अभ्यासक त्यावरूनच एकेक व्हेल ओळखतात.

उडी मारली की कॅमेरा खाली घेऊ नका, बऱ्याचदा लागोपाठ मारतात, पिल्लं तर विशेष. तीस टनांच्या आसपासचं धूड पाण्याबाहेर येऊन आदळतं, त्याचा आवाज लांबवर जातो, दूरच्या कळपाला निरोप देण्यासाठी मारत असावेत असं अभ्यासक म्हणतात. शरीराच्या जवळपास एक तृतीयांश लांबीचा पंख पाण्यावर आपटणं मात्र जास्त करून कळप एकमेकांना भेटताना किंवा वेगळे होताना दिसतं. कधी एका मादीमागे अनेक नर लागतात, पाणी नुसतं घुसळून निघतं, अशावेळी बोट लांबच बरी.

अंतराचे नियम कृपा करून पाळा. ऑस्ट्रेलियात बोटीने 100 मीटरच्या आत जायचं नाही, पिल्लू असेल तर 300. गरम पाण्यात आई जवळपास काहीच खात नाही, अंगातल्या चरबीवर स्वतः जगते आणि पिल्लाला दूधही पाजते, तिला पळवलंत तर तीच चरबी फुकट जळते. इंजिन न्यूट्रलला टाकून थांबा, यायचं असेल तर ती स्वतःहून येईल, मान वर काढून तुमच्याकडे बघेलही.