कंपोस्ट किती निघेल? बादल्या मोजा
डबा १०० लिटरचा आहे म्हणून तेवढंच खत निघेल, असं धरू नका. ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असतं, आणि पानांच्या ढिगात हवा. कुजताना सगळं खाली बसतं. काठोकाठ भरलेल्या डब्यातून साधारण ३० ते ४० लिटर खत हाती येतं. पण ढीग खचेल तसं आपण वर टाकतच राहतो, म्हणून टाकलेल्या बादल्या मोजणं मला जास्त खात्रीचं वाटतं. दर बादलीला झाकणावर मार्करने एक रेघ ओढा आणि ३ बादल्यांना १ बादली खत धरा. अख्खी वाळकी पानं जास्त असतील तर त्याहून कमी. १ चौरस मीटर वाफ्यावर १ सेंटीमीटर थर द्यायला १० लिटर लागतं. चाळल्यावर उरलेल्या काड्या पुन्हा डब्यातच टाका, विरजणासारख्या कामी येतात.